बारवेतल्या माशांचं कुंकू

श्रावण लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. लोकांना श्रावणात हिरवं दिसतं, ऊन-पाऊस दिसतो, काय काय दिसतं. मला नळ दिसतो. धाराशिवच्या आमच्या कॉलनीत दिवसाआड कधीतरी येणारं पाणी या दिवसांत चहासारखं येतं. मी बादली भरते, तुरटी फिरवते आणि स्टूल ओढून बादलीपाशी बसून राहते. सून म्हणते, "आई, घरात फिल्टर आहे की! बादलीत काय बघत बसता?" मी म्हणते, "गाळ बसतोय का बघते." ती हसते. हसू दे बापडी. मी उठते, खिडकीशी जाते, परत येते, तळ अजून दिसत नाही. पुन्हा उठते. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं एवढ्या येरझाऱ्या घालू नयेत असं डॉक्टर सांगतात, पण डॉक्टरांना काय सांगायचं?

आमचं गाव ईटच्या अलीकडं, माळाच्या पोटात. गावाला नदी नव्हती, एक बारव होती. चौकोनी, काळ्या दगडाची, चारही बाजूंनी खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. एका भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात शेंदूर फासलेली देवी. पाण्यात बोटाएवढे मासे, अंगानं चपटे, रंगानं मातकट चांदीचे. त्यांना कुणी धरायचं नाही, खायचं तर नावच नको. घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी भरायचं, आणि एखादा मासा चुकून आलाच तर परत जाऊन सोडायचा आणि म्हणायचं, "आई, चुकलं." मीसुद्धा कितीदा म्हटलंय.

या माशांची एक गंमत होती. वर्षभर ते सगळे सारखेच. पण पावसाळा चांगला अंगावर आला, पाणी चढलं, की श्रावणात त्यांतल्या काहींच्या कुशीवर लाल पट्टा उमटायचा. कल्ल्यापासून शेपटापर्यंत, बोट ओढावं तसा. गाव म्हणायचं, देवीनं माशांना कुंकू लावलं. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी त्या वर्षीच्या नव्या नवरीला घेऊन बायका बारवेत उतरायच्या. नवरीनं पाण्याजवळच्या कोरड्या पायरीवर बसायचं, लाह्या टाकायच्या आणि कुंकवाचा मासा वर येईपर्यंत हलायचं नाही. मासा आला की एकच कालवा, नवरीचं कपाळ भरायचं, ओटी भरायची, आणि मग सगळ्या वर. मासा आला नाही असं कधी झालेलं नव्हतं. त्यामुळं न आला तर काय, हे कुणी ठरवूनही ठेवलं नव्हतं.

आता मी जीवशास्त्राची बाई. पस्तीस वर्षं शाळेत खडू झिजवला. मला माहीत आहे की लाल होतो तो नर. विणीचा हंगाम आला, पाणी गार झालं, पोटभर खायला मिळालं की तो रंगतो आणि मादीसमोर पर ताठ करून थरथरत फेऱ्या मारतो. ती त्याला नीट न्याहाळते. फिकटाकडं पाठ फिरवते, झगझगीत असेल त्याच्यामागं पाणवनस्पतीत जाते. म्हणजे कुंकू लागायचं ते नवऱ्याला, आणि पारखून घ्यायची ती नवरी! गावानं नेमकं उलटं धरलं होतं. आमच्या घरात मुलगी बघायला लोक यायचे तेव्हा पोरीनं मान वर केली तरी आई डोळे वटारायची, आणि बारवेत मात्र बिनदिक्कत हे असं चाललेलं. मला अजूनही त्याचं हसू येतं, आणि हसून झालं की बरं वाटत नाही.

हे घडलं तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. निजाम गेला होता, आपला जिल्हा मराठी मुलखाला जोडला गेला होता, आणि गावोगाव श्रमदानाचं वारं सुटलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, गावच्या शाळेचे मास्तर. उर्दूत शिकलेले, रागावले की तोंडात उर्दूच यायची. त्यांनी चैत्रात सगळ्या गावाला कुदळ-फावडी घेऊन बारवेवर आणलं. बारवेच्या काठाला पूर्वापार एक मातीचा बांध होता, शेताचं पाणी त्याला वळसा घालून ओढ्याला जायचं. अण्णा म्हणाले, "एवढं पाणी फुकट जातंय. बांध फोडा, चर खणा, सगळं बारवेत घ्या. उन्हाळ्यात बायकांचे हाल वाचतील." तीन दिवसांत चर झाला. तहसीलदार बघायला आले, अण्णांच्या गळ्यात हार पडला. त्या हारातली फुलं आईनं वाळवून डब्यात ठेवली होती. मला वाटतं, अण्णांच्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा दिवस असावा.

त्याच वैशाखात दादाचं लग्न झालं. दादा माझा थोरला भाऊ, भूमला कचेरीत कारकून, शनिवारी घरी यायचा. मुखदुर्बळ, दोनदा विचारलं तर एकदा उत्तर. आणि वहिनी आली उमरग्याची! कानडी मुलखाला लागून घर, स्वतःच्या आईला "अव्वा" म्हणायची, बोलणं ठसक्यात, चालणं भरभर. बांगड्या वाजायच्या आधी तिचं हसू ऐकू यायचं. मी मॅट्रिकची तयारी करत होते, पुस्तकात डोकं. ती येऊन पुस्तक ओढून घ्यायची. "काय ओ वन्सं, सारखं सारखं वाचून डोळे जातील की! चला, पाण्याला जाऊ." मी वयानं लहान, तरी नणंद म्हणून मला अहो-जाहो. मी तिला तू म्हणायचे, आणि आम्हा दोघींना त्यात काही खटकत नव्हतं.

आषाढात पाणी चढलं. बापरे, काय चढलं! सात पायऱ्या बुडाल्या. अण्णा रोज जाऊन पायऱ्या मोजून यायचे. पण पाणी होतं काळ्या मातीचं, चरातून धो-धो आलेलं. रांजणाच्या आतल्या अंगाला आई निवळीची बी उगाळून लावायची, तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी पिण्याजोगं व्हायचं. वहिनीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "हे पाणी नेहमीच असं असतं का ओ?" मी म्हटलं, "पावसाळ्यात गढूळ असणारच की." चूक बोलले. पूर्वी पावसाळ्यातही तिथं पायऱ्या दिसायच्या. मला ते माहीत होतं, पण अण्णांच्या पाण्याला कोण नावं ठेवणार?

पहिला शुक्रवार. त्या वर्षी गावात नवी नवरी ती एकटीच. हिरवं लुगडं, नाकात नथ, पदरात लाह्या. पंधरा-वीस बायका पायऱ्यांवर दाटीनं उभ्या, ओल्या दगडाचा वास, कुणाचं तरी पोर रडतंय. वहिनीनं लाह्या टाकल्या. पाण्यावर पांढरा थर झाला आणि खालून चुळबुळ सुरू झाली. मासे आले, लाह्या ओढल्या, गेले. सगळे मातकट. पुन्हा टाकल्या, पुन्हा तसंच. ऊन डोक्यावर आलं. तिच्या पदरातल्या लाह्या संपल्या, आईनं आपल्या दिल्या, त्याही संपल्या. वहिनी अजून हसत होती, पण हसू आता नुसतं ओठांवर होतं. शेजारच्या गंगाकाकू, ज्यांच्या शब्दाला आळीत वजन होतं, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "आजवर असं झालं न्हाय बाई. पायगुण म्हनायचा, दुसरं काय!"

त्या एका वाक्यानं घर पालटलं. आई वाईट नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि घाबरलेली माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त छळतात हे मला तेव्हा समजलं. देवघरातलं काम वहिनीकडून गेलं. गाईची धार काढायचं गेलं. शेजारणीचं तान्हं पोर तिनं उचललं तर शेजारीण "भूक लागली असेल त्याला" म्हणत घेऊन गेली. शनिवारी दादा आला, त्याला आईनं स्वैपाकघरात घेऊन सगळं सांगितलं. तो ताटावर बसला आणि खाली मान घालून जेवला. वहिनी वाढत होती. तिनं दोनदा विचारलं, "भाकरी वाढू का?" तो नुसता हात आडवा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी पाणी आणलं तर घागरीचं फडकं सैल झालेलं, आत चार मासे. परत सोडायचे, "आई, चुकलं" म्हणायचं, हे तोंडपाठ. पण माझी पावलं बारवेकडं वळली नाहीत. माळवदावर लाकडाच्या ढिगामागं गोळ्या-बिस्किटांच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या होत्या. एकीत रांजणातलं निवळलेलं पाणी भरलं, दुसरीत बारवेतलं तसंच. दोन-दोन मासे सोडले. का केलं, सांगता येत नाही. कुणी बघितलं तर काय, ही धास्ती होतीच. सरपण आणायचं निमित्त करून मी दिवसातून दहादा वर जायचे. देवीचे मासे चोरलेली पोरगी!

पाचव्या दिवशी निवळलेल्या बरणीतल्या एकाच्या कुशीवर लाली आली. सहाव्या दिवशी चक्क पट्टा. आणि तो दुसऱ्या माशाभोवती असा नाचत होता म्हणून सांगू! पर पसरलेले, सगळं अंग थरथरतंय, ती वळली की हा पुढं, ती थांबली की हा आडवा. गढूळ बरणीतले दोघं मात्र एकमेकांशेजारून मुकाट्यानं फिरत होते. मी लालला उचलून गढूळ पाण्यात टाकलं. दोन दिवसांत पट्टा पुसट. परत निवळीच्या पाण्यात आणलं, परत लाल. मी तिथंच कठड्याला टेकून रडले. आनंदानं रडले. मला वाटलं, झालं, सुटलो सगळे.

मध्ये दुसराही शुक्रवार कोरडाच गेला होता. पट्टा परत उमटला त्या संध्याकाळी मी अण्णांना माळवदावर नेलं. दोन्ही बरण्या दाखवल्या. "अण्णा, रंग पाण्यावर आहे. पाण्यात दिसतच नाही तर तो रंगणार कशाला? चरातून माती येते. चर बुजवला की मासे रंगतील. वहिनीचा काही दोष नाही." अण्णा वाकून बघत राहिले. मास्तर होते, त्यांना समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग सरळ झाले. म्हणाले, "सुमे, मासे कुणी काढले हे विचारलं तर काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, "मी काढले म्हणून सांगेन." त्यावर म्हणाले, "आणि देवीचं पाणी कुणी नासवलं असं विचारलं तर?" मी काही बोलायच्या आत तेच बोलले. "खामोश. ही बात घराबाहेर जाता कामा नये." आणि जिना उतरून गेले. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांची इतकी दया आली की मला माझाच राग आला.

मासे मी परत सोडले. आणि दोन दिवसांनी, दुपारी सगळं गाव कलंडलेलं असताना, टोपलं घेऊन चरावर गेले. दगड, चिखल, तरवडाच्या फांद्या, पुन्हा चिखल. हाताची सालं निघाली. पाणी थबकलं, फुगलं, आणि जुन्या वाटेनं ओढ्याकडं वळलं. घरी आले तर वहिनी पत्र्याची पेटी भरत होती. आईनं तिच्या भावाला कार्ड टाकून बोलावून घेतलं होतं. "चार दिवस माहेरी राहून ये, गौरींना आणू," असं तिला सांगितलेलं. मला वाटलं, बरंच झालं! तोवर पाणी निवळेल, मासे रंगतील, ही वाजतगाजत परत येईल. मी तिला पेटी भरायला मदत केली. हो, मी मदत केली. तिनं माझे सोललेले हात बघितले, तेल लावलं, "काय करून घेतलंत ओ?" म्हणाली. मी सांगितलं नाही. आनंदाची बातमी जपून ठेवावी तसं ते मी पोटात ठेवलं. मोटारीत चढताना ती म्हणाली, "येते ओ वन्सं, गौरीला."

पुढचे वीस दिवस मी कसे काढले! सकाळ-संध्याकाळ बारवेवर. एक पायरी दिसली. मग दुसरी. मग तिच्यावरचं शेवाळ. पुढं मास्तरीण झाल्यावर वर्गात मुलींना शिकवताना मी नेहमी सांगायचे की माती खाली बसायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. आणि सांगताना मुठी आवळलेल्या असायच्या. एकदा नववीतली एक पोर उभी राहिली. "बाई, गढूळ पाण्यात मादीला रंग दिसत नाही, मग ती निवडते कसं?" मी म्हटलं, "निवडत नाही. समोर येईल त्याच्याशी जमवून घेते. आणि अंडी घातली तरी त्यांच्यावर गाळ बसतो, बरीचशी गुदमरतात." मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. उरलेला तास मी काय शिकवलं आठवत नाही.

गौरींच्या आदल्या दिवशी बारवेकडून आरडाओरडा आला. बायका धावल्या, मीही धावले. पाणी निवळशंख, खालच्या पायऱ्या दिसताहेत आणि त्या काचेसारख्या पाण्यात लालच लाल. पंधरा-वीस नर, ऊन पडलं की पेटल्यासारखे, एकमेकांना ढुशा देत माद्यांमागं धावत होते. मी हसत होते, माझ्या ओठांवर "वहिनीला आणा" एवढे दोन शब्द आले होते. इतक्यात गंगाकाकूंनी कोनाड्यापुढं हात जोडले. "बघा गं बघा! ती गेली अन् आईनं कुंकू लावलं!"

सगळ्यांनी हात जोडले. माझ्या आईनंसुद्धा. ती घळाघळा रडत होती, आणि घरी जाऊन तिनं आळीत साखर वाटली. माझ्याही हातावर चिमूटभर ठेवली. मी दारात उभी राहिले. बोल सुमे, बोल आता! चर मी बुजवला, मासे मी काढले, असं म्हणायला किती वेळ लागतो? अण्णा ओसरीवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग चपला घालून बाहेर पडले. मी लांबून मागं गेले. ते चराशी गेले, माझ्या हातचा तो वेडावाकडा बांध त्यांनी बराच वेळ बघितला, एक दगड उचलून त्याच्यावर नीट बसवला आणि घरी आले. या विषयावर आम्ही दोघं पुढं कधीच बोललो नाही. मी साखर खाल्ली.

वहिनीला आणायला कुणी गेलं नाही. गौरी झाल्या, दसरा झाला, दिवाळी झाली. तिच्या भावाची पत्रं आली, अण्णांनी वाचून खिळ्याला अडकवली. दादानं दुसरं लग्न केलं नाही आणि तिला आणलंही नाही. भूमला खोली घेतली, खानावळीत जेवला. मी मॅट्रिक झाले, पुढं शिकले, मास्तरीण झाले. लोक म्हणायचे, या बाई माशांचा धडा फार रंगवून शिकवतात.

पाच-सहा वर्षांनी परीक्षेच्या कामावर मला उमरग्याला धाडलं. दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी पत्ता विचारत गेले. हायवेवर मालमोटारी धूळ उडवत होत्या, त्या कडेलाच घर. ओट्यावर वहिनी शिवणयंत्र चालवत होती. वाळली होती. मला ओळखून पाय थांबवला, पाणी दिलं, स्वच्छ, गार. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बरण्या, चर, अण्णा, साखर. एवढ्या वर्षांचं सगळं. वाटलं होतं ती रडेल, निदान शिव्या तरी देईल.

मग तिनं विचारलं, "म्हणजे गौरीच्या आदल्या दिवशी पाणी निवळलं होतं?"

"हो."

"मी तीन दिवस या ओट्यावर पेटी घेऊन बसले होते. अव्वा म्हणायची, आत ये, आत ये. मी म्हणायचे, वन्सं येतील." तिनं यंत्राच्या सुईतला दोरा उगाच काढला, पुन्हा ओवला. "तुम्हाला तर ठाऊक होतं की ओ सगळं. मग तुम्ही का आला नाहीत?"

समोरून एक मोटार गेली, दुसरी गेली. मी म्हणाले, "वहिनी, मी सतरा वर्षांची होते."

ती म्हणाली, "मी एकोणीस वर्षांची होते, वन्सं."